आठपैकी तिसऱ्या चित्राचं कार्ड

वामनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते. फोन त्यांच्या मुलीचा, प्रतिभाताईंचा, पुण्याहून. बाबा सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले ते बसलेच, शेजाऱ्यांनी पाहिलं, मी निघतेय, तोवर तू घरी जाऊन थांबशील का, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. अशा वेळी सुन्न झालो, डोळ्यांत पाणी आलं, असं लोक लिहितात. मी खोटं कशाला लिहू? मला आधी रडू आलं नाही. मला भीती वाटली. हातातला शिक्का तसाच हातात राहिला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की कार्ड कोरं राहिलं… आता ते कोणीतरी वाचणार.

ते कार्ड काय, ते आधी सांगते. वामनभाऊ भद्रावतीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, तपासणी खात्यातले. कॉलनीच्या बाहेर त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं होतं आणि मागच्या खोलीत दोन लोखंडी कपाटांमध्ये सव्वाशेच्या वर छापचित्रं जपून ठेवली होती. लाकडावर, लिनोच्या मऊ तक्त्यावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, शाई लावायची, वर कागद दाबून ठसा उठवायचा, अशी ही चित्रं. त्यांच्या प्रती ठरलेल्या असतात. कुणी आठ काढतो, कुणी पंधरा, कुणी पंचवीस, आणि तेवढ्या झाल्या की ठोकळा बाद करतो. भाऊंकडे प्रत्येक चित्राचं एक कार्ड होतं. चित्रकाराचं नाव, कितीपैकी कितवी प्रत, कधी आणि कुठून घेतलं, आणि सगळ्यात खाली एक रकाना : दोष. त्या सव्वाशेतलं एक चित्र मी खराब केलं होतं. पाच वर्षं मी ते लपवलं. भाऊ जायच्या चार दिवस आधी त्यांना सांगितलं. कार्डावर लिहायचं तेवढं राहून गेलं.

त्यांची माझी ओळख झाली ती अक्षरामुळे. मी वरोऱ्याच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या घरातच काय, आमच्या आळीतही पहिली. बाबांनी माझी डिग्री लॅमिनेट करून बुद्धाच्या फोटोखाली खिळ्याला टांगली आणि आल्यागेल्याला पाणी द्यायच्या आधी ती दाखवायचे. डिग्री भिंतीवर होती, नोकरी नव्हती. भद्रावतीच्या वाचनालयात मी पेपरातल्या जाहिराती उतरवून घ्यायला जायची, तिथे फळ्यावर एक चिठ्ठी दिसली : कार्डं लिहायला सुरेख अक्षर असणारी व्यक्ती पाहिजे, रविवारी दोन तास, चहा मिळेल. मी गेले. दार उघडणाऱ्या माणसाने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "हात धुतले का?" मी म्हटलं, मी बी.ए. आहे. ते म्हणाले, "बी.ए.चे हात मळत नाई का?" तेव्हापासून मी त्यांच्यासाठी बी.ए. झाले. संघमित्रा हे माझं नाव त्यांनी क्वचितच घेतलं असेल.

हात धुवायचा त्यांचा एक रिवाजच होता. साबणाने धुवायचे, पण टॉवेलला पुसायचे नाहीत, कारण टॉवेलचा धागा कागदाला चिकटतो. दोन्ही हात वर धरून वाळेपर्यंत उभं राहायचं. तोवर जे चित्र काढायचं त्याची गोष्ट भाऊ सांगायचे. पहिल्या दिवशी हात वाळल्यावर त्यांनी माझ्यापुढे एक चित्र ठेवलं, धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायांचं, आणि त्याच्या खाली कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं चार, तिरपी रेघ, पंधरा. मी म्हटलं, इतकं चांगलं चित्र काढून पंधरापैकी चारच मार्क दिले? मास्तर फारच कडक दिसतो. भाऊ खुर्चीत बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाले, "मीबी नागपुरात हेच इचारलं होतं बाई. त्या पोराचं तोंड पाहासारखं झालं होतं."

ते नागपूर म्हणजे भाऊंच्या बायकोच्या, काकूंच्या, आजारपणातलं नागपूर. काकू दवाखान्यात होत्या, भाऊ दुपारी बाहेर फिरायला निघाले आणि सावली म्हणून एका हॉलमध्ये शिरले. आत चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन होतं. त्या रोवणीच्या चित्रापुढे ते अर्धा तास उभे राहिले आणि खिशात होतं तेवढं देऊन ते घेऊन आले. काकूंनी पलंगावर ते हातात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "चित्र आणलं, संत्री नाई आणली?" तीन महिन्यांनी काकू गेल्या. भाऊ मात्र दरवर्षी त्या प्रदर्शनाला जात राहिले. एसटीने जायचे, पुठ्ठ्याची नळी मांडीवर आडवी धरून एसटीनेच परत यायचे. नाव झालेल्या चित्रकाराचं त्यांनी कधी घेतलं नाही. विशी-बाविशीतल्या, कुणी ओळखत नसलेल्या मुलामुलींचीच घेतली. त्यातली काही पुढे मोठी झाली, काहींनी कला सोडून दुकानं टाकली. भाऊंच्या कपाटात दोघांनाही सारखीच जागा होती.

कागद कसा पाहायचा, हे मी त्यांच्याकडे शिकले. सही पेन्सिलीचीच का असते, समास कापला की चित्राचं मोल का जातं, उजेडात तिरपं धरलं की कागदावर ठोकळ्याचा दाब कसा दिसतो, एकाच ठोकळ्याचे पंधरा ठसे सारखे का नसतात. पण मुख्य शिकले तो दोषाचा रकाना. त्यांच्या जुन्या कार्डांवर त्यांच्या किरट्या अक्षरात लिहिलेलं असायचं : डावा कोपरा दुमडला, एसटीत, मी. चहाचा थेंब, मी. उन्हाने पिवळं पडलं, खिडकी उघडी राहिली, मी. मी म्हटलं, भाऊ, हे घेणाऱ्याला दिसलं तर किंमत कमी होईल ना. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "फॅक्टरीत मी बत्तीस वर्षं हेच केलं. दोष लिहिला का माल बाजूला निघते, बस. दोष लपवला तं माणूस मरते." मग चष्मा घालून म्हणाले, इथे माणूस मरत नाही हे खरं, पण एका कार्डावर खोटं सापडलं तर पाहणारा बाकीच्या सव्वाशेवर विश्वास ठेवणार नाही.

आता ते चित्र. कुरखेड्याकडच्या रजनी नावाच्या मुलीने ते केलं होतं, सागाच्या फळीवर कोरून, आणि फक्त आठ प्रती काढल्या होत्या. आपली तिसरी. चित्रात जंगल आहे, म्हणजे नुसत्या उभ्या काळ्या रेघा, आणि मध्ये एक बाई वाकून मोहफुलं वेचते आहे. तिची पाठ आपल्याकडे. बाजूला टोपली. बाकी काही नाही. भाऊंनी मला विचारलं होतं, "यात वाघ कुठी आहे, सांग." मी रेघांमध्ये शोधलं, झाडांच्या बुंध्यांत शोधलं. वाघ नव्हता. भाऊ म्हणाले, "तू उभी आहेस तिथी."

 माझी आई चैतात पहाटे मोह वेचायला जायची, लहानपणी मीही जायची तिच्यासोबत. वाकलेलं माणूस मागून जनावरासारखं दिसतं, म्हणून आई दर पाचदहा फुलांमागे उभी राहून मागे वळून पाहायची आणि मलाही पाहायला लावायची. चित्रातली बाई वळत नाही. ती कधीच वळणार नाही. भाऊंनासुद्धा ते चित्र सोसायचं नाही. त्यांनी ते कधी भिंतीवर लावलं नाही, खालच्या खणात ठेवून दिलं. "ते चित्र मले पाहते," म्हणायचे. त्यांच्या याच भीतीमुळे माझी चोरी पाच वर्षं टिकली.

मी तिथे जाऊ लागले त्याला सहा महिने झाले असतील, पावसाळ्यात भाऊंना छातीच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं. किल्ल्या माझ्याकडे दिल्या. एकाआड एक दिवस जायचं, कपाटं उघडायची, पंखा लावायचा, खण पाहायचे. दुसऱ्याच आठवड्यात मागच्या भिंतीवर मातीची एक बारीक ओली रेघ दिसली. वाळवी. रेघ भिंतीवरून कपाटाच्या पायावर, तिथून खालच्या खणात गेली होती. मोहफुलाच्या चित्रामागचा पुठ्ठा उचलला तर हातात भुसा आला.

वाळवी म्हणजे आमच्या घरात काय, ते इथे सांगायला हवं. आजोबांचा शाळेचा दाखला आणि जुनी कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत होती, वाळवीने सगळ्याची माती केली. माझ्या जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी बाबा चंद्रपूर-गडचिरोलीच्या चकरा मारून थकले, प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, जुना कागद आहे का? तो कागद नव्हता म्हणून माझं एक वर्ष गेलं. त्यानंतर आमच्याकडे घरात कागद आला की पहिले लॅमिनेट व्हायचा. गुणपत्रिका, रेशन कार्ड, बाबांचा एकुलता एक तरुणपणीचा फोटो, सगळं. लॅमिनेट केलेला कागद म्हणजे सुटलेला कागद, ही माझी समजूत दगडावर कोरल्यासारखी होती. चित्राला चिकटपट्टी लावायची नाही हे भाऊंनी शिकवलं होतं, ते मला पाठ होतं. पण लॅमिनेशन म्हणजे चिकटपट्टी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी ते चित्र ओढणीत गुंडाळून बस स्टँडजवळच्या दुकानात नेलं. मशीनमधून ते गरम गरम, चकचकीत होऊन बाहेर आलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता वाळवी काय, पाणीबी काई करत नाई याले." आणि मी… मी खुशीत परत आले. भिंतीला औषध मारलं, बाकीची चित्रं वरच्या खणात हलवली, आणि भाऊंना सांगायचं ठेवून दिलं, की बरे होऊन आले की दाखवीन, मी काय वाचवलं ते.

भाऊ आले. पलंगावर बसून वाळवीची हकीकत ऐकली, शाबासकी दिली. मी चित्र आणायला उठणार तेवढ्यात ते दवाखान्यातली एक गोष्ट सांगू लागले. तिथल्या एका डॉक्टरकडे चांगलं छापचित्र होतं म्हणे, त्याने कौतुकाने दाखवलं, तर प्लॅस्टिकमध्ये घालून मशीनमधून काढलेलं. "कागद मेला," भाऊ म्हणाले. "वितळलेला डिंक धाग्याधाग्यात जाते. काढाले गेलं तं चित्रच सुटून येते. मी त्याले काई म्हटलं नाई, छाती चिरलेली होती माही, हातात होती त्याच्या." ते हसले. मी खाली बसले.

त्या दिवसापासून भीती माझ्या अंगात राहायला आली. ते चित्र मी पुन्हा बटर पेपरात, नव्या पुठ्ठ्यात घालून सगळ्यात खाली ठेवलं. भाऊ खालच्या खणाकडे वाकले की माझ्या पाठीतून कळ जायची. त्यांनी ते नुसतं उचललं असतं तरी वजनावरून कळलं असतं. मी मध्ये मध्ये बोलायची, चहा ठेवू का, ते दुसरं काढू का, हे कार्ड फाटलं आहे. रविवारी सकाळी जाताना वाटायचं, आज सांगायचं. परत येताना वाटायचं, बरं झालं, नाही विचारलं. मला शाळेत क्लार्कची नोकरी लागली, भाऊंनी पेढे वाटले, सगळ्यांना सांगितलं की ही आमची बी.ए., हिच्या हातात किल्ल्या देऊन मी छाती चिरायला गेलो होतो. मी मान खाली घालून पेढा खाल्ला.

एकदा तर मी कुरखेड्याला गेले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. वडशाला उतरून दुसरी बस धरली. मनात एकच, रजनीला गाठायचं, पाय धरायचे आणि त्याच ठोकळ्यावरून आणखी एक ठसा मागायचा. त्याखाली आठपैकी तीन लिहून देईल का, हेही विचारायचं ठरवलं होतं… इतकं मी कार्ड लिहिणारी, नंबराचं मोल शिकलेली, आणि खोटा नंबर मागायला निघाले होते. रजनी गावी नव्हती, शिकवायला बाहेरगावी गेली होती. तिची आई होती. बोलायला मोकळी, मला शहरातली मॅडम समजून खुर्ची दिली. ठोकळा आहे का, मी विचारलं. "आहे ना," म्हणाली, आणि धानाच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवलेली फळी उचलून तिने उलटी केली.

तीच बाई, पण उलट्या बाजूला वाकलेली. आणि तिच्या पाठीतून, मानेपासून कमरेपर्यंत, पटाशीने मारलेला एक खोल तिरपा घाव. ठोकळा बाद करायची हीच रीत, भाऊंनी सांगितलेलं मला माहीत होतं. आठ झाल्या की कलाकार स्वतःच्या हाताने घाव घालतो, म्हणजे नववी कधी निघू नये. माहीत असणं वेगळं. मी त्या घावात बोट घातलं, पेरभर आत गेलं. रजनीची आई म्हणाली, "कोरताना पोरगी रात्रंदिवस बसली, आन् तोडताना एका झटक्यात." परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंनी उभ्या काळ्या रेघा चालल्या होत्या आणि मला मागे वळून पाहायची हिंमत होत नव्हती.

यंदा रजनीचं नाव झालं. तिचे ठसे मुंबईला लोक मागू लागले, आठातले सात कुठे आहेत ते कळलं आणि तिसऱ्याचा शोध घेत भाऊंना फोन आला. संग्रहाचं मोल ठरवणारे मुंबईचे एक गृहस्थ येणार, सगळी चित्रं पाहणार, आणि पटलं तर सगळी एकत्र नागपूरच्या एका कला महाविद्यालयात जाणार. संग्रह विखरू नये, शिकणाऱ्या पोरांनी तो हात धुऊन पाहावा, हे भाऊंचं आयुष्यभराचं स्वप्न. त्या रविवारी मी गेले तेव्हा भाऊ मोरीत हात धुऊन बाहेर येत होते. दोन्ही हात वर. चेहरा पोरासारखा. म्हणाले, "बी.ए., मोहफुलवाली काढ. आज तिले घाबरत नाई मी."

आता काही वाट राहिली नव्हती. मी म्हटलं, "भाऊ, ते चित्र मी लॅमिनेट केलं. तुम्ही नागपूरला होते तेव्हा."

 भाऊंचे हात वाळायला वर धरलेले होते, ते तसेच वर राहिले. कोपरावरून पाणी बनियनीवर ठिबकत होतं. म्हणाले, "आण."

मी आणलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन तिरपं धरलं, दाब पाहायला धरायचे तसं. प्लॅस्टिकवर खिडकीचा सगळा उजेड आला. भाऊ डोळे बारीक करून पाहत राहिले आणि म्हणाले, "यात तं मीच दिसून राह्यलो."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग तपासणीला बसल्यासारखे प्रश्न विचारले. वाळवी कुठवर आली होती? मागच्या पुठ्ठ्यापर्यंत. कागदाला लागली होती? नाही. शेवटी विचारलं, "कार्डावर लिहिलं का?"

"नाई."

"मंग लिहून टाक."

मी कार्ड काढलं. पेन्सिल घेतली. दोष, आणि त्यापुढे मोकळी जागा. हे मुंबईचा माणूस वाचणार, महाविद्यालय वाचणार, माझ्या शाळेत कळणार, बाबांना कळणार… हात पुढे गेलाच नाही. मी म्हटलं, भाऊ, पुढच्या रविवारी लिहिते. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी काय पेन्सिल मऊ होते?" पण मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरं. पुढच्या रविवारी." मी निघाले तेव्हा ते खुर्चीत बसले होते, चित्र मांडीवर उलटं. रागावले होते का, मला कळलं नाही. मागून एवढंच म्हणाले, "गेटाची कडी लावजो." त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. गुरुवारी ते गेले.

दिवस-पाणी आटोपल्यावर ते गृहस्थ आले, ठरल्याप्रमाणे. प्रतिभाताईंनी मला बोलावून घेतलं, बाबांचं सगळं तुलाच माहीत म्हणून. चांगला माणूस, मऊ बोलणारा. मी हात धुवायला सांगितलं तर नवल न करता धुवून आला आणि हात वर धरून उभाही राहिला. एकेक चित्र निघत होतं, मी कार्ड वाचत होते, चहाचा थेंब, मी, एसटीत कोपरा, मी, आणि तो माणूस दर वेळी कागद पाहून मान हलवत होता. म्हणाला, मी इतकी वर्षं हे काम करतो, अशी खरी कार्डं पाहिली नाहीत. मग मोहफुलवाली निघाली.

 त्याने ते हातात घेतलं आणि लगेच टेबलावर ठेवलं, भाजल्यासारखं. म्हणाला, हे कुणी केलं? कार्डावर तर काहीच नाही. प्रतिभाताई हळू आवाजात म्हणाल्या, "बाबांनीच केलं असेल. ऑपरेशननंतर ते विसरायचे… एकटे होते हो." गृहस्थांनी मान हलवली, होतं असं म्हातारपणी. संपलं. पाच वर्षं ज्याची भीती धरली ते असं एका वाक्यात माझ्यावरून निघून गेलं. मला फक्त गप्प बसायचं होतं. आणि तो माणूस, अगदी सौम्यपणे, पुढे म्हणाला, की पण मग बाकीची कार्डंही मला वेगळ्या नजरेने पाहावी लागतील. हे करून त्यांनी लिहिलं नाही, तर आणखी काय लिहिलं नसेल?

मी त्यांच्या मागे उभी होते. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. तरी माझ्या पाठीवर, अगदी मानेखाली, काहीतरी टक लावून आहे असं मला वाटलं, आणि मला कळलं की वळून पाहिल्याशिवाय ते जाणार नाही. मी म्हटलं, "थांबा. मी हात धुऊन येते."

मोरीत साबण लावून हात धुतले. हात वर धरून परत आले, वाळेपर्यंत त्यांच्यापुढे उभी राहिले, आणि तेवढ्या वेळात त्यांना सगळं सांगितलं, भाऊ चित्राची गोष्ट सांगायचे तसं. मग बसून कार्डावर लिहिलं : लॅमिनेशन केले, वाळवीच्या भीतीने, वामनभाऊ दवाखान्यात असताना. त्यापुढे त्यांच्यासारखं 'मी' लिहून भागलं नसतं, त्या कार्डांवर 'मी' म्हणजे भाऊच. म्हणून पूर्ण नाव लिहिलं. मी बँकेच्या स्लिपवरसुद्धा नावापुढे बी.ए. लिहिते आणि त्याची मला लाज नाही. पेन्सिल सवयीने तिथे गेलीही. पण भाऊ एकदा म्हणाले होते, चित्राखाली नाव पुरते. मी तिथेच थांबले.

प्रतिभाताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "पाच वर्षं?" मी हो म्हटलं. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि चहा झाल्यावरच बाहेर आल्या. गृहस्थांनी कार्ड वाचलं, चित्र बाजूला ठेवलं, याला आता मोल नाही, असं स्वच्छ सांगितलं आणि म्हणाले, पुढचं काढा. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी एकाही कार्डावर शंका घेतली नाही. संग्रह नागपूरला गेला. सव्वाशेची कार्डंही गेली, माझ्या नावाचं धरून. मोहफुलवाली तेवढी राहिली. ताई म्हणाल्या, "हे तू ने." त्या आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. मी नेलं.

आमच्या घरी माझ्या डिग्रीशेजारी दुसरा खिळा ठोकला. दोन्ही सारखीच चकाकतात. आईने चित्र जवळ जाऊन पाहिलं, प्लॅस्टिकवरची चमक हाताने आडोसा करून अडवली, मग विचारलं, "ही बाई मांगं काऊन नाई पाहात?"  जाताना तिने स्वतःच एकदा मागे वळून पाहिलं.

रविवार आला की मी अजून लवकर उठते. जायला कुठे नाही. भांडी घासून झाली, हात धुतले, की दोरीवरचा टॉवेल दिसत असतो, तरी मी हात वर धरून मोरीच्या दारात उभी राहते. पाणी कोपराकडे उतरत राहतं. आई म्हणते, पूस ना, कोणाची वाट पाहून राह्यली? मी हात वाळेपर्यंत तशीच उभी असते… तेवढ्या वेळात कोणीतरी एक गोष्ट सांगायचं.